शनिवारची मोरी

अमरावती,
९ जुलै १९६०, शनिवार

चि. विमल हिस अनेक आशीर्वाद.

वरचं ‘चि.’ लिहायला मला पाऊण तास लागला. ज्या मुलीला मेलेली समजून बापानं तिच्या नावानं आंघोळ केली, तिला चिरंजीव कोणत्या तोंडानं लिहायचं? नुसतं ‘विमल’ लिहून पाहिलं, तर वर्गात हजेरी घेतल्यासारखं वाटलं. आणि हजेरी घेतली तरी ‘हजर’ म्हणायला इथं आहे कोण? म्हणून शेवटी ‘चि.’च ठेवलं.

आठ वर्षांनी माझं पत्र आलेलं पाहून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. जाण्यासारखं या घरात आता माझ्याशिवाय कुणी उरलंही नाही. काम अगदी किरकोळ आहे. आपल्या स्वैपाकघरातल्या मोरीत चिलटं झाली आहेत.

नेहमीची आंब्यावरची चिलटं नव्हेत. ही काळसर, केसाळ. पंख पिंपळाच्या पानासारखे, टोकाशी निमुळते. उडायचा भारी कंटाळा. हात उगारला तर वीतभर सरकतात आणि पुन्हा भिंतीला चिकटून बसतात, गणिताच्या तासाला मुलं बसायची तशी. बोटानं चिरडलं की बोटाला राखेसारखी पूड लागते. दिवेलागणीला मोरीच्या भोकातून एकेक वर येतं. मी पाटावर जेवायला बसतो आणि ती समोरच्या भिंतीवर. पंगतच म्हण ना.

तुझी आई होती तोवर हा प्रकार मी पाहिला नव्हता. दर शनिवारी जेवणं आटोपली की ती पदर खोचून मोरीत बसायची. मी बाहेर वह्या तपासत असायचो आणि आतून घासण्याचा खरखर आवाज यायचा. ती तिथं काय ओतायची, कशानं घासायची, हे चौतीस वर्षांत मी कधी विचारलं नाही. तू मात्र परकर वर धरून तिच्याजवळ उभी असायचीस. तेव्हा तुला ठाऊक असेल. दोन ओळी लिहून कळव.

दोन वर्षांपूर्वी ती गेल्याचं कार्ड तुला तेराव्यानंतर मिळालं. त्या गडबडीत राहून गेलं.

मागच्या लिंबाच्या झाडाला बारीक लिंबं धरली आहेत. बाकी क्षेम.

उद्धव


अमरावती,
२१ जुलै १९६०

चि. विमल हिस आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं नाही. पोस्टवाल्यांच्या संपात माझं पत्र कुठंतरी पडून राहिलं असेल, असं मी धरून चाललो होतो. काल पोस्टमनला विचारलं. तो म्हणाला, “मास्तर, संप मिटून चार दिवस झाले. अकोल्याची डाक तवाच गेली.” तेव्हा तेही एक निमित्त संपलं.

चिलटं आहेतच. मलेरियावाले येऊन सगळ्या घरभर डीडीटी मारून गेले. त्या दिवशी फरशीवर चिलटांचा सडा पडला. मला वाईटही वाटलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा भिंत भरली. मग फिनेल ओतलं. मग घागरभर उकळतं पाणी. पाय भाजला, चिलटं नाही भाजली.

सुंदराबाई अजून भांड्यांना येते. तिची जीभ तुला आठवत असेल. परवा पायाला फोड पाहून म्हणाली, “अवो मास्तर, वरून पानी ओतून का होते? बाई असती त तुमाले मोरीत पायच ठेवू देल्ला नसता.”

मी म्हटलं, “मग तू सांग काय करायचं.”

“मले का पुसता? जिले पुसाले पायजे तिले पुसा.”

“तिला पत्र टाकलंय.”

 त्यावर ती इतक्या जोरानं तवा घासायला लागली की मला तिथून उठावं लागलं.

एक गोष्ट लिहू का नको असं करतो आहे, पण लिहितो. हीच ती मोरी. बावन्न सालच्या मे महिन्यात, तू अकोल्याला जाऊन देवीदासशी रजिस्टर लग्न केल्याचं कळलं त्या दिवशी, मी इथंच उघड्या अंगानं बसलो आणि तुझ्या नावानं पाच तांबे डोक्यावरून घेतले. आम्ही भिक्षुकाच्या घरातले, देवीदास खुशालराव पाटलाचा. मला तेव्हा दुसरं काही सुचलं नाही. त्या दिवशी पाणी तुंबलं होतं. घोट्यापर्यंत साचून राहिलं. भर उन्हाळ्यात मला हुडहुडी भरली. तेव्हापासून ही मोरी हळू वाहते.

उद्धव


अमरावती,
४ ऑगस्ट १९६०

चि. विमल हिस आशीर्वाद.

चिलटं नक्की मोरीतूनच येतात की मागच्या दारातून, याचा मी शोध लावला आहे. पुठ्ठ्याला एरंडेल चोपडायचं आणि भोकावर पालथा घालून ठेवायचा. आतून वर येणारं चिलट चिकटतं. पुठ्ठा घरात सापडेना. तुला लिहायला घेतलेलं एक पोस्टकार्ड अर्धवट बिघडलं होतं, तेच वापरलं. सकाळी उचलून पाहतो तर ‘चि. विमल हिस’ या अक्षरांवर सतरा चिलटं चिकटलेली. मी लिहिलेलं इतक्या जणांनी एकदम वाचण्याची ही पहिलीच वेळ.

हसलीस का? हसली असशील तर बरं.

संध्याकाळ फार लांबते, विमल. पेन्शनीतला माणूस सकाळ कशीही काढतो. पण पाच वाजले की मला अजून शाळा सुटल्याची घंटा ऐकू येते आणि मग पुढं काही नसतं. मी जुनी क्रमिक पुस्तकं काढून बसतो. पाठ असलेल्या कविता पुन्हा पुस्तकात पाहून म्हणतो. मोठ्यानं म्हणतो, कारण मनात म्हटली तर चाल हलत नाही. परवा म्हणता म्हणता एका कडव्यापाशी अडलो, आणि त्याच्या पुढची ओळ मला ऐकू आली ती देवीदासच्या आवाजात. तिसऱ्या बाकावरून. त्याच्यासारखं कविता म्हणणारं पोर एकतीस वर्षांत माझ्या वर्गाला लाभलं नाही. “घरी येत जा रे, चाली शिकवतो,” असं मीच त्याला म्हटलं होतं. अंजनगावाकडचं पोर, बोर्डिंगात राहायचं. तुझी आई त्याला ताक द्यायची. पुढं कॉलेजात गेला तरी येणं सुटलं नाही. हे सगळं मीच केलं आणि आंघोळही मीच केली. तो आता अकोल्यात शाळेवर मराठी शिकवतो असं ऐकतो. चाली बदलल्या नाहीत ना त्यानं?

मीही चिलटावर दोन ओळी केल्या आहेत. त्याला दाखव. मात्रा मोजून पाहील.

मोरीकाठी बसली माशी, पंख जणू की पिंपळपान,
कोठुन आली कोण विचारी, कोण पुसे वा तिचे ठिकाण.

‘चिलट’ मात्रेत बसेना, म्हणून माशी केली.

उत्तर नाही पाठवलंस तरी चालेल. पण आई काय ओतायची तेवढं कळव.

उद्धव


अमरावती,
१७ ऑगस्ट १९६०

चि. विमल हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. मायना नाही, खाली सही नाही. पण ‘ळ’ची गाठ तू अजून चुकीच्या बाजूनं घालतेस. तू दुसरीत असताना मी सांगितलं होतं.

कार्ड मी देवघरात ठेवलं आहे. एव्हाना पाठ झालं आहे. “नुसतं ओतून उपयोग नाही. आतल्या कडेला बुळबुळीत थर धरतो, त्यात ती होतात. आधी काथ्यानं घासायचं, हात जाईल तितकं खोल. मग धुण्याचा सोडा आणि उकळतं पाणी. शनिवारी, दर शनिवारी. वाटी मी नेली नव्हती.”

शनिवारी दुपारी जेवून मी धोतर खोचलं आणि मोरीत बसलो. गुडघे कुरकुरले. नारळाचा काथ्या घेऊन घासू लागलो. तू म्हणतेस तसाच थर आहे, काळा, शेवाळासारखा. हाताला लागला तेव्हा शिसारी आली. मग तुझ्या आईचा हात आठवला. दर शनिवारी ती इथं हात घालायची आणि त्याच हातानं संध्याकाळी मला भाकरी वाढायची. हे मला वयाच्या पासष्टाव्या वर्षी कळलं. बाहेर वह्या तपासणारं कुणी नव्हतं, तरी घासण्याचा आवाज मात्र तोच.

तुझं कार्ड आल्यापासून मला आणखी एक आठवतं आहे. तू गेल्यानंतर तिचं हे घासणं फार वेळ चालायचं. तार वाकवून भोकात खालीवर करत बसायची. मी एकदा थट्टेनं म्हटलं, “काय गं, गळ टाकून बसलीस? मासा लागतो का?” ती वळून पाहीना. “लागला तर सांगेन,” म्हणाली.

चिलटं निम्मी झाली. पण पाणी संथच जातं. खोलवर काहीतरी आहे, तिथवर माझा हात पोचत नाही. सुंदराबाई तिच्या ओळखीचा गवंडी पाठवणार आहे.

वाटीचं लिहिलंस. ते जुनं झालं. मी केव्हाच विसरलो आहे.

उद्धव


अमरावती,
२८ ऑगस्ट १९६०

विमल,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं होतं. मी काहीही विसरलो नव्हतो.

काल पुंजाजी गवंडी आला. मोरीत बसून त्यानं फरशीवर टिकटिक वाजवून पाहिलं. म्हणाला, “मास्तर, फरशी उचलल्याबिगर जमत नाई. वाकणापाशी काईतरी आडवं बसून राह्यलं.” पहारीनं फरशी उचलली. खाली मातीचा नळ आहे, तो मागच्या गटाराकडे वळतो तिथं चिखलाचा गोळा. सगळी चिलटं तिथूनच यायची. त्यानं तो गोळा खरवडून काढला आणि माझ्या पायाशी आपटला. आत टणक काहीतरी खणकलं.

“हे का हाय बापा?” असं म्हणत त्यानं ते बादलीत खंगाळलं.

वाटी. काळीठिक्कर पडलेली, एका बाजूनं चेपलेली. मी धोतराच्या सोग्यानं पुसली. कडेवर अक्षरं होती. ‘चि. विमल’. तुझ्या उष्टावणाला मीच घालून घेतलेली. चांदीची.

मी वाटी घेऊन तिथंच ओल्यात बसलो. सुंदराबाई धावत आली, वाटी पाहिली आणि तोंडाला पदर लावला. पुंजाजीला म्हणाली, “तू जरा भाईर चाय पिऊन ये.” मग माझ्यासमोर उकिडवी बसली.

“मास्तर, बाईनं मले लिंबाच्या झाडाची शपथ घातली होती. पन आता बाई नाई आन् वाटी त वर आली. आता शपथ कायची?”

तिनं जे सांगितलं ते तसंच लिहितो. त्या मे महिन्यातल्या दिवशी मी तुझी ट्रंक उघडून सगळं सामान वाटून टाकायला सांगितलं होतं. फडताळातली वाटीही त्यात जाईल म्हणून तुझ्या आईनं ती ओच्यात लपवली. मी आंघोळीला निघालो तशी तिनं माझ्याआधी मोरीत जाऊन भोकात वाटी पालथी बसवली आणि वरून फडकं कोंबलं.

“मी म्हटलं, बाई, हे काहून करून राह्यल्या? त बाई म्हने, त्याईले नाव घेऊन पानी घेऊ दे, पन माह्या पोरीच्या नावाचं पानी मी गटारात जाऊ देत नाई. जोवर वाहून गेलं नाई, तोवर आंघोळ झाली नाई.”

मी घोट्यापर्यंत पाण्यात बसलो होतो ते यामुळं. मी अंग पुसून ओसरीवर गेलो. तुझ्या आईनं आणि सुंदराबाईनं ते सगळं पाणी तपेल्यानं उपसलं आणि बादल्या भरून लिंबाच्या मुळाशी नेऊन ओतलं. शेवटी फडकं ओढलं, तशी उरल्या पाण्याच्या जोरानं वाटी आत घसरली. सहा वर्षं ती तार घालून काढू पाहत होती. ती मला सांगू शकत नव्हती. वाटीचं सांगितलं असतं तर आंघोळ झाली नाही हेही सांगावं लागलं असतं.

आता माझं सांगतो. ते सुंदराबाईला ठाऊक नाही आणि तुझ्या आईलाही कधी ठाऊक नव्हतं. दहाएक दिवसांनी मला फडताळात वाटी दिसेना. मी तुला पत्र लिहिलं. “घराचं नाव नेलंस ते नेलंस, घरातली चांदीही चोरून नेलीस,” असं. ते पत्र मी स्वतः चालत जाऊन डाकेच्या पेटीत टाकलं, कारण घरात कुणाच्या हाती द्यायची लाज वाटली. लाज वाटली तरी टाकलं. त्यावर तुझी दोन ओळींची चिठ्ठी आली होती, “मी काहीही नेलेलं नाही.” ती मी चुलीत घातली. तू आईला विचारशील या भीतीनं तुझी पुढची पत्रंही मी पोस्टमनकडून परस्पर घेतली आणि तिला दाखवली नाहीत. तू लग्न केलंस म्हणून आठ वर्षं गेली, असं मी लोकांना सांगत आलो. खरं तसं नाही. लग्नाचा राग तर दुसऱ्या दिवाळीलाच ओसरला होता. पण लेकीला चोर म्हणून झाल्यावर तिच्या दारात कोणत्या पायांनी जायचं?

आई गेल्याचं कार्ड गडबडीत राहून गेलं नव्हतं. तू तेराव्याच्या आत आली असतीस, दहा माणसांसमोर मला ‘वाटी सापडली का?’ असं विचारलं असतंस, या भीतीनं मी ते उशिरा टाकलं. तुला तुझ्या आईचं तोंड पाहू दिलं नाही. एका वाटीपायी. आणि वाटी माझ्या पायाखाली होती, जिथं मी रोज आंघोळ करत होतो.

ती शेवटच्या दुखण्यात “मोरी, मोरी” असं काहीतरी म्हणायची. आज शनिवार आहे का, असंही विचारायची. मी म्हणायचो, “घासली गं, घासली, तू पड.” घासली नव्हती.

मी क्षमा मागत नाही. क्षमा मागायला माणूस समोर लागतो. वाटी चिंचेनं आणि रांगोळीनं घासली आहे. उजळली आहे, पण चेप तसाच आहे. मोरीतून निघालेली, तेव्हा सोवळ्यात चालेल की नाही ते मला ठरवता येत नाही. ही तुझी आहे. पार्सलनं पाठवू का, तेवढं लिही.

तुझा,
बाबा


अमरावती,
११ सप्टेंबर १९६०

चि. सौ. विमल हिस अनेक आशीर्वाद.

बारा दिवस मी कुठंही गेलो नाही. पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी आला की त्याच्या सायकलचा आवाज मला ओळखू येतो. काल त्यानं सायकल टेकवली आणि हाक मारली, “मास्तर, अकोला!”

तुझ्या कार्डावर दोनच वाक्यं होती. “वाटी पोस्टानं पाठवू नका. चिलटं गेली का?”

मला पहिलं वाक्य कळेना. विद्यार्थ्यांना मी जन्मभर ओळींचे अर्थ सांगितले, पण या चार शब्दांचा अर्थ लागेना. नको आहे असं म्हणते? मोरीतली वस्तू म्हणून नको? की माझ्या हातची म्हणून? दुपारभर कार्ड घेऊन बसलो. सुंदराबाईला वाचून दाखवलं. ती भांडी पालथी घालत होती. म्हणाली, “पोष्टानं नोको म्हने ना? मंग हातानं न्या!”

“तसं तिनं लिहिलेलं नाही.”

“मास्तर, सारंच लिवाव का पोरीनं? एवढी पुस्तकं वाचली तुमी, अन् एवढं समजत नाई?”

मी सध्या तिचाच अर्थ धरून चाललो आहे. चुकला तर चुकला. पुढच्या रविवारी सकाळी बडनेऱ्याहून गाडी धरतो. स्टेशनावर कुणाला पाठवू नकोस. वाटी आणि पिशवीभर लिंबं घेऊन येईन. तुझ्या नावाचं पाणी प्यालेल्या झाडाची लिंबं आहेत, यंदा फार धरली. दारात उभा राहीन. तू म्हणालीस तर आत येईन, नाही तर पिशवी उंबऱ्यावर ठेवून संध्याकाळच्या गाडीनं परत. देवीदासला म्हणावं, मात्रा मोजल्या असतील तर मला सांगायचं धाडस कर.

चिलटं गेली. खरं लिहायचं तर एक उरलं आहे. सांजेला भिंतीवर येऊन बसतं. मी त्याला काही करत नाही.

काल शनिवार होता. नवा नळ, नवी जाळी. मी काथ्यानं घासलं, सोडा टाकला, उकळतं पाणी ओतलं. मग तिथंच बसून पाच तांबे डोक्यावरून घेतले. कुणाचंही नाव घेतलं नाही. पाणी सरळ वाहून गेलं, त्याचा आवाज मी संपेपर्यंत ऐकला.

पत्ता विचारत येण्याची वेळ यायची नाही. या पत्रांआधी आठ वर्षांत दोनदाच लिहिला होता, पण पाठ होता. एकदा पाठ केलेलं जात नाही, असं मी मुलांना सांगत आलो आहे.

बाबा